जालन्याच्या परसातील जाळीघर हिवाळ्यात भरले आणि उन्हाळ्यात ओस पडले : चूक कुठे होत असावी?

परसदारचा माळी, जालना
9 एप्रिल

सर्वांना नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे. आतापर्यंत काय काय केले हे सांगितल्याशिवाय उत्तर देणाऱ्यांना अंदाज येणार नाही.

मी निवृत्त शिक्षक असून शहराच्या कडेला, मोसंबीच्या बागांना लागून असलेल्या वसाहतीत राहतो. गेल्या दसऱ्याला घरामागच्या परसात 12 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 7 फूट उंच असे जाळीघर उभारले. लोखंडी पाइपचा सांगाडा आहे आणि त्यावर सर्व बाजूंनी 50 टक्के सावलीची हिरवी शेडनेट ताणलेली आहे. आत जमिनीत लावलेला जुना कढीपत्ता, कुंड्यांतील लिंबाची चार रोपे, आपोआप उगवलेली एक रुई आणि कडेने झिनिया, झेंडू, सदाफुली अशी फुलझाडे आहेत. बाहेरच्या लिंबावरून आणि रुईवरून अंडी व अळ्या आणून आत सोडायच्या, त्यांची फुलपाखरे झाली की थोडी बाहेर सोडायची आणि थोडी आत ठेवून त्यांच्यापासून पुढची पिढी घ्यायची, असा साधा बेत होता.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हा बेत इतका चांगला जमला की नातवंडे शाळेतून आली की आधी जाळीघरात जात. लिंबावरची लिंबाळी, म्हणजे ज्याला इंग्रजी पुस्तकांत कॉमन लाइम म्हणतात ते, आणि रुईवरचे प्लेन टायगर अशी मिळून साठेक फुलपाखरे त्या दोन महिन्यांत निघाली. फेब्रुवारीत मात्र चित्र पालटले. कालपर्यंत अधाशासारख्या खाणाऱ्या अळ्या एकाएकी खाणे सोडू लागल्या, मऊ पडल्या, काळ्या होऊन फांदीला लोंबकळू लागल्या आणि पंधरवड्यात चाळीसच्या आसपास अळ्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांचे कोष झाले, पण मार्चअखेरीस त्यांतून निघालेल्या फुलपाखरांचे पंख उलगडलेच नाहीत. पिळून तसाच ठेवलेला रुमाल जसा वाळतो तसे ते वाळून गेले. जी धडधाकट निघाली ती दिवसभर नैर्ऋत्येच्या वरच्या कोपऱ्यात जाळीवर धडका देत राहतात आणि दोन-तीन दिवसांत खाली पडलेली सापडतात. आत एकाही मादीने अंडे घातलेले मला दिसलेले नाही.

दुपारचे तापमान आता 40 अंशांच्या पुढे जाते आणि नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे सारखे शिंपडणेही परवडत नाही. उन्हाळ्यात हे चालू ठेवावे की बंद करावे, अळ्यांचा रोग कशाचा असावा आणि फुलपाखरे आत जोड्या का जमवत नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय रात्रीचे पतंगही वाढवावेत असे मनात आहे, आणि आपले राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनचे कोष कोकणातून मागवावेत का, असेही वाटते. शेजारचे बागायतदार मात्र माझ्यावर रुष्ट आहेत. आम्ही ज्या अळीवर फवारणी करतो तीच तुम्ही पाळता, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे म्हणता येत नाही.


बावची, परभणी
9 एप्रिल

नमस्कार सर. मी गेली नऊ वर्षे गच्चीवर आणि अंगणात फुलपाखरे वाढवते. आपल्या सर्व अडचणींचे मूळ मला एकाच गोष्टीत दिसते. आपले जाळीघर ऐसपैस आहे, पण ते एकच आहे. अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू या चौघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आपण त्यांना एका खोलीत संसार करायला लावला आहे.

अळ्यांपासून सुरुवात करते. मोठ्या जाळीघरात सोडलेली अळी आपल्याला दिसत नाही, पण मुंगी, कोळी, प्रार्थना कीटक आणि पाल यांना ती बरोबर सापडते. म्हणून मी अंडी पानासकट आणून जाळीचे झाकण असलेल्या छोट्या डब्यांत ठेवते. लिंबाळीचे अंडे पिवळसर, मोहरीच्या दाण्याहून लहान असते आणि बहुधा कोवळ्या पालवीवर एकेकटेच असते. या दिवसांत तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. पहिले काही दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. तिला डिवचले की मानेमागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर येते आणि आंबलेल्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. तेवढे झाले की ती पुन्हा मुकाट खाऊ लागते. डब्यात तळाला वर्तमानपत्र घालावे, ते रोज बदलावे आणि एका डब्यात पाच-सहापेक्षा जास्त अळ्या ठेवू नयेत. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवत असाल तर बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बुजवा. अळी फांदीवरून खाली उतरते आणि सरळ पाण्यात जाते. माझ्या पहिल्या वर्षी एका रात्रीत सात अळ्या अशा बुडाल्या. डबे ज्या टेबलावर असतील त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पूर्वी दुधाच्या फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून घरोघरी हेच करत.

कोषांबद्दल. आपल्याकडे पंख चुरगळण्याचे कारण बहुतेक कोरडी हवा आणि चढायला जागा नसणे, ही दोन्ही असावीत. फुलपाखरू कोषातून निघते तेव्हा पंख ओले आणि आखूड असतात, अंगातील द्रव त्यांत ढकलून ते पंधरा-वीस मिनिटांत ताणून घेते आणि पुढचे दोन तास ते वाळवते. या वेळात त्याला खडबडीत जागेला धरून पंख खाली लोंबतील असे लटकता आले पाहिजे. कोष जमिनीवर पडलेला असेल किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला चिकटलेला असेल तर ते घसरते आणि पंख तसेच कडक होतात. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात हे आणखी लवकर होते. मी सगळे कोष काडीसकट काढून एका जुन्या टोपलीत, सुती कापड लावून, सावलीच्या खोलीत ठेवते आणि टोपलीखाली ओल्या वाळूची परात असते. तांब्याभर पाण्यात दोन दिवस निघतात, त्यामुळे नळ रोज आला नाही तरी चालते. काडीवरून सुटलेल्या कोषाचे शेपटाकडचे टोक डिंकाच्या थेंबाने कापडाला चिकटवले तरी चालते. लिंबाळीचा कोष डोके वर करून कमरेला रेशमाचा दोरा बांधून बसतो आणि प्लेन टायगरचा उलटा टांगलेला असतो, एवढे लक्षात ठेवून चिकटवावे. निघताना जो लालसर द्रव पडतो ते रक्त नव्हे; कोषातील साचलेला मळ तेव्हा बाहेर टाकला जातो.

आता जाळीघर. ते फक्त मोठ्या, उडणाऱ्या फुलपाखरांसाठी राखून ठेवावे. हिरवी शेडनेट आधी उतरवा. तिने उजेड निम्मा होतो आणि फुलपाखराला तर उडायला, अन्न शोधायला आणि जोडी जमवायला ऊन लागते. तिचा धागा राठ असतो, त्यावर धडकून पंखांच्या कडा फाटतात. ती सगळी एका कोपऱ्यात जमतात, कारण तेथून त्यांना सर्वांत जास्त उजेड दिसतो. मच्छरदाणीचे मऊ पांढरे कापड लावा, वरच्या कोपऱ्यांत तेच कापड गोलाई येईल असे सैल सोडा आणि शेडनेटचा एखादा तुकडा फक्त पश्चिमेला, दुपारच्या उन्हापुरता टांगा.

जोड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण हा माझा आवडीचा भाग आहे. प्लेन टायगरच्या नराला मादीला भुलवणारा गंध तयार करण्यासाठी काही विशिष्ट वनस्पतींतील अल्कलॉइड, म्हणजे कडू रसायने, लागतात, आणि ती रुईत नसतात. भुरुंडीची किंवा खुळखुळ्याची सुकलेली फांदी जाळीघरात टांगून पाहा, तासाभरात नर तिच्यावर बसलेले दिसतील. शेतात हिरवळीच्या खतासाठी ताग केला असेल तर तोही चालतो, कारण तो खुळखुळ्याच्याच कुळातला आहे. लिंबाळी आणि तिच्यासारखेच लिंबा-कढीपत्त्यावर वाढणारे कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची जोडी उडत उडत पाठलाग करून जमते आणि 8 फुटांत तो पाठलाग सहसा पुरा होत नाही. त्यांना हाताने जोडता येते. नर आणि मादी यांचे पंख मिटून दोन हातांच्या चिमटीत धरायचे आणि पोटांची टोके एकमेकांना लावायची; नराने पकड घेतली की दोघांना फांदीवर ठेवून द्यायचे. ही युक्ती वापरात आणणाऱ्यांपैकी एक होते लिव्हरपूलचे वैद्य सिरिल क्लार्क. त्यांनी फिलिप शेपर्ड यांच्यासह अशा जोड्या लावून फुलपाखरांची आनुवंशिकता अभ्यासली आणि त्याच विचारातून पुढे आरएच रक्तगटामुळे नवजात बाळांना होणाऱ्या आजारावरचा प्रतिबंधक उपाय निघाला. आपल्या कढीपत्त्यावर येणारी कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत असते. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझ नावाच्या वेगळ्या फुलपाखराची नक्कल करणारे आणि तिसरे क्रिमसन रोझ या फुलपाखराची. हा सारा खेळ डबलसेक्स या एका जनुकावर चालतो हे 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले. एकाच मादीची अंडी वेगळी वाढवून कोणत्या रूपाच्या किती मुली झाल्या हे मोजणे हा नातवंडांसाठी सुट्टीतला उत्तम उद्योग आहे.

अंडी हवी असतील तर कढीपत्त्याची छाटणी तीन आठवडे आधी करा. मादी जून पानावर सहसा अंडे घालत नाही, तिला लुसलुशीत पालवी लागते.

उन्हाळ्यात चालू ठेवावे का, याचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. मी होळीनंतर नवीन अंडी आणत नाही आणि मृगाचा पाऊस पडून रुईला, लिंबाला पालवी आल्यावर पुन्हा सुरू करते. ब्लू मॉर्मन 2015 पासून आपले राज्य फुलपाखरू आहे हे खरे, पण ते दमट रानातले आहे. आपल्या एप्रिलमध्ये ते आणणे म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवण्यासाठी बोलावणे होय. शिवाय बाहेरगावचे कोष आणले की त्यांच्यासोबत बाहेरगावचा रोगही येतो.


तुतीचा मळा, बीड जिल्हा
10 एप्रिल

मी फुलपाखरे पाळत नाही. तुती लावून रेशमाच्या अळ्या वाढवतो आणि कोष जालन्याच्या बाजारात आणतो, त्यामुळे मास्तरांच्या गावी माझे नेहमी येणे असते. ताईंनी जे चार घरांचे सांगितले तेच आमच्या धंद्याचेही पहिले कलम आहे. दुसऱ्या कातीपर्यंतच्या बारीक अळ्यांना आम्ही चॉकी म्हणतो. त्यांची खोली वेगळी, मोठ्या अळ्यांचे शेड वेगळे आणि कोष करण्यासाठी चंद्रिका, म्हणजे अळ्या ज्यावर कोष विणतात त्या चौकटी, वेगळ्या, असे असल्याशिवाय पीक हाती लागत नाही.

मास्तरांनी जे वर्णन केले, म्हणजे अळी मऊ पडणे, काळी होणे आणि लोंबकळणे, ते वाचून मला आमच्या रेशीम अळ्यांचे ग्रासरी आणि फ्लॅचरी हे रोग आठवले. ग्रासरी विषाणूमुळे होते. अळी फुगते, कातडी नाजूक होते आणि फुटली की आतून पांढरट पाणी सांडते. त्या पाण्याचा थेंब ज्या पानावर पडेल ते पान खाणारी दुसरी अळीही जाते. फ्लॅचरीत अळी ढिली पडते, हगवण लागते आणि मेल्यावर काळी होऊन कुजका वास येतो. फुलपाखरांच्या अळ्यांना नेमके कोणते जंतू होतात हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण गर्दी, ओली पाने, साचलेली लेंडी आणि दिवसा उकाडा, रात्री गारवा असा फेब्रुवारीचा लहरीपणा, या चार गोष्टी एकत्र आल्या की आमच्या शेडमध्येही हेच होते.

यावर औषध नाही, स्वच्छता आहे. आजारी अळी दिसताच ती चिमट्याने उचलून चुन्याच्या पाण्यात टाकावी, हाताने उचलून तोच हात दुसऱ्या डब्यात घालू नये. प्रत्येक पिकानंतर आम्ही 2 टक्के ब्लीचिंग पावडर आणि 0.3 टक्के विझवलेला चुना यांच्या द्रावणाने शेड, ट्रे आणि जाळ्या धुतो आणि मगच पुढचे अंडीपुंज, म्हणजे रेशीम पतंगाची अंडी, आणतो. मास्तरांनी जाळीघर उन्हाळ्यात रिकामे ठेवून तेच करावे. मराठवाड्याचे मे महिन्याचे ऊन हे फुकटचे निर्जंतुकीकरण आहे, आणि येथे ते वाया जाते. अंड्यांच्या वाटे आईकडून लेकराकडे जाणारा पेब्रिन नावाचा रोगही असतो. लुई पाश्चर यांनी 1865 पासून फ्रान्समध्ये त्यावर काम केले. अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगी निघाली तर तिची अंडी जाळायची, ही त्यांची पद्धत बीजकेंद्रांत आजही चालते. आपण घरी तपासू शकत नाही, पण ज्या मादीची पिल्ले वारंवार मरतात तिचे वाण पुढे चालवायचे नाही, एवढे तर करू शकतो.

दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडे उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, म्हणून शेडला दुहेरी दार आणि मध्ये छोटी अंधारी खोली असते. जाळीघरालाही तसे दुहेरी दार असावे, म्हणजे फुलपाखरू पळणार नाही आणि माशीही शिरणार नाही. दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. आमच्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला लावतो, कारण तंबाखू मळलेल्या तळहाताने घातलेल्या पानातील निकोटीन अळीला सहन होत नाही. माझ्या सख्ख्या मामांना मी दारातून परत पाठवले होते आणि ते दोन महिने बोलत नव्हते.


परसदारचा माळी, जालना
10 एप्रिल

दोघांचेही मनापासून आभार. तंबाखूचे व्यसन मला नाही, परंतु वाचता वाचता दोन गोष्टी आठवल्या आणि त्या कबूल करणे भाग आहे. लिंबाच्या चार रोपांपैकी तीन मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून आणली होती. ती फार तजेलदार होती, एकाही पानाला छिद्र नव्हते, आणि मी त्याचेच कौतुक करत होतो. दुसरे असे की संध्याकाळी जाळीघराशेजारच्या ओट्यावर बसतो तेव्हा डासांसाठी कॉइल लावतो. या दोन्हींचा संबंध असू शकेल का?

आणखी एक विचारायचे राहून गेले. लिंबाळीचे दोन तपकिरी कोष जानेवारीच्या मध्यापासून तसेच आहेत. बाकीचे आठ-दहा दिवसांत उघडले होते. हे मेले असे समजून टाकून द्यावेत का?


बावची, परभणी
10 एप्रिल

संबंध असू शकेल असे नव्हे, बहुधा तोच आहे. ज्या लिंबाच्या रोपावर एकही छिद्र नाही ते रोप फवारलेले आहे असेच मी धरून चालते. त्यांतील काही कीटकनाशके मुळांवाटे झाडात भिनतात, त्यामुळे पान वरून धुऊनही उपयोग होत नाही. नवे रोप आणले की मी दोन-तीन महिने, जुनी पाने झडून दोनदा पालवी येईपर्यंत, त्याचे पान अळीला देत नाही, आणि त्यानंतरही आधी एकाच अळीवर ते तपासून पाहते. डासांच्या कॉइलमध्ये आणि विजेवर लावायच्या बाटल्यांमध्ये जी औषधे असतात ती डासांपुरती नसतात. कीटकवर्गातल्या कोणालाही ती सोडत नाहीत. गल्लीत धुराची फवारणी होणार असेल तर त्या दिवशी डबे खोलीत घेऊन दारे लावून घ्यावीत.

ते दोन कोष टाकू नका. हवा प्रतिकूल असली की लिंबाळीचा कोष काही महिने झोपून राहू शकतो. हातात घेऊन पाहा; जिवंत कोष थंड आणि जड लागतो, मेलेला कागदासारखा हलका होतो किंवा काळा पडतो. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे भोक असेल तर समजा की आत फुलपाखरू नव्हते, बारीक गांधीलमाश्यांची पिल्ले होती. कोष नुकताच तयार होऊन मऊ असतानाच त्या त्यात अंडी घालतात. म्हणूनही अळी खाणे थांबवून भटकू लागली की तिला झाकणाच्या डब्यात घ्यावे लागते.


मोसंबीवाला, अंबड
12 एप्रिल

मी शेजारी नाही, पण शेजाऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी असावा म्हणून लिहितो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि आमचे घर तिच्यावर चालते. मोठ्या झाडाला लिंबाळीच्या अळीने काही होत नाही. पंधरा वर्षांचे झाड दहा अळ्यांना जेवू घालून विसरून जाते. परंतु रोपवाटिकेतले किंवा वर्ष-दोन वर्षांचे कलम असेल तर पाच अळ्या आठवडाभरात ते नागडे करतात आणि त्या कलमाची वाढ मागे पडते. म्हणून मास्तरांना एवढीच विनंती आहे की शेजाऱ्याने नवीन लागवड केली असेल त्या वर्षी लिंबाळी बाहेर सोडू नये, आणि सोडायचीच तर आधी त्यांना सांगावे. त्यांच्या कलमांवरच्या अळ्या वेचून आणण्याचे काम नातवंडांकडे दिले तर फवारणीही वाचेल आणि जाळीघरालाही माल मिळेल. अर्थात फवारणी झालेल्या झाडावरून आणलेली अळी मरणारच, तेव्हा तारीख विचारून घ्यावी.


रातवा, नांदेड
13 एप्रिल

पतंगांचा प्रश्न सर्वांनी बाजूला ठेवला, म्हणून मी लिहितो. सुरुवात कण्हेरीवरच्या हॉकमॉथ या मोठ्या पतंगापासून करावी असे मी सुचवेन, कारण कण्हेर आणि चांदणीची तगर प्रत्येक परसात असते आणि त्याची अळी पाहण्यासारखी असते. हिरव्या अंगावर डोक्याजवळ दोन निळे, पांढऱ्या केंद्राचे डोळे असतात. ते खरे डोळे नव्हेत, पण घाबरली की ती मान आत ओढून तेच पुढे करते. कण्हेरीचा चीक विषारी असतो आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, तेव्हा मुलांनी हात धुतल्याशिवाय काही करू नये.

फुलपाखरांच्या सवयीने जे पतंग वाढवायला जातात त्यांची फसगत कोषाच्या वेळी होते. ही अळी पूर्ण वाढली की हिरवा रंग टाकून तपकिरी होते, झाडावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीत शिरून तेथे कोष करते. डब्यात नुसता कागद असेल तर ती दोन दिवस गोल गोल फिरून दमते आणि मरते. पाच-सहा इंच भुसभुशीत, किंचित ओलसर माती आणि वर वाळलेली पाने एवढे तिला पुरते. तिळाच्या शेतातली शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी तुम्ही पाहिली असेल. तिचेही असेच असते, फक्त ती मातीत अधिक खोल जाते. तिचा पतंग पाठीवर कवटीसारखे चिन्ह मिरवतो, हातात धरला की चक्क चीं चीं आवाज करतो आणि मधाच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. गावाकडे याला अपशकुनी समजून मारतात, ते मात्र थांबायला हवे.

मोठ्या हॉकमॉथना रोज रात्री मकरंद लागतो. जाळीघरावर मधुमालती चढवली तर दुहेरी काम होते. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात तेव्हा लांब सोंडेचे पतंग येतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच फुले गुलाबी, मग लाल होतात. फुले कमी पडली तर दहा भाग पाण्यात एक भाग साखर असे द्रावण कापसावर द्यावे. याउलट रेशमाचा, टसरचा किंवा चंद्रपतंगाचा प्रौढ काहीच खात नाही. त्याला खायला उपयोगी पडेल असे तोंडच नसते आणि अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. अशा पतंगांची मादी जाळीच्या पेटीत टांगून ठेवली की तिच्या गंधावर बाहेरचे नर आपोआप येतात, जोडी लावण्याचा खटाटोप राहत नाही. शेवग्याच्या खोडावर थव्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांना मात्र घरात आणू नका. त्यांचे केस लागले की अंगावर गांधी उठतात.

कायद्याचेही पाहून ठेवा. लिंबाळी, कॉमन मॉर्मन, प्लेन टायगर यांना अडचण नाही. परंतु डॅनाइड एगफ्लाय हे फुलपाखरू, ज्याची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत होते आणि क्रिमसन रोझही होते. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, म्हणून जवळच्या वन कार्यालयात आजची यादी पाहून घेतलेली बरी. ओळखायची खूण सोपी आहे. ‘प्लेन टायगर’ रुई सोडून घोळीच्या भाजीवर अंडी घालताना दिसले तर ते प्लेन टायगर नव्हे.


परसदारचा माळी, जालना
26 जून

उशिरा लिहितो, पण कळवणे आवश्यक होते. शेडनेट उतरवली, मच्छरदाणीचे कापड लावले, मे महिनाभर जाळीघर ब्लीचिंगने धुऊन रिकामे तापू दिले आणि ती तीन रोपे कुंपणाबाहेर ठेवली आहेत. कॉइल बंद करून ओट्यावर पंखा आणला. शेजाऱ्यांशी बोललो, त्यांनी यंदा नवीन लागवड केलेली नाही, आणि नातवंडांनी वेचलेली प्रत्येक अळी त्यांच्या समोर मोजून न्यायची, असे ठरले आहे.

त्या दोन कोषांपैकी एकावर ताईंनी सांगितले तसे टाचणीएवढे भोक निघाले. दुसरा हातात जड लागत होता, म्हणून टोपलीत ओल्या वाळूवर ठेवला होता. मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर परवा सकाळी त्याच्या कवचातून पंखांवरचे पिवळे ठिपके दिसू लागले आणि काल सातच्या सुमारास लिंबाळी बाहेर आली. पंख पूर्ण उलगडले आहेत. मादी आहे की नर हे पोटाच्या टोकावरून मला अजून ओळखता येत नाही, त्याचा फोटो संध्याकाळी येथे टाकतो.